ममताला दिलेला सल्ला

राज्यशास्त्र शिकवत होते असं सांगितलं की लोक मला दोन प्रश्न विचारतात. यंदा कोण निवडून येणार, आणि आमच्या भाच्याला तिकीट मिळवून द्याल का? पहिल्याचं उत्तर मला उभ्या आयुष्यात एकदाही बरोबर देता आलेलं नाही. दुसऱ्याचं देता आलं असतं, तर भोपाळच्या एका सरकारी कॉलेजात चौतीस वर्षं फळ्याशी झटत उभी राहिले नसते. निवृत्तीनंतर शहरातल्याच अवधपुरीत राहायला आले, तर इथेही तेच. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "म्हणजे तुम्ही नेते तयार करायच्या?" मी म्हटलं, "नाही हो, नेत्यांवर नजर ठेवणारे तयार करायचे." त्यांना ते फारसं पटलं नाही. चहा पिऊन गेले.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या व्हरांड्यात विषय निवडायला मदत करणारं एक टेबल लागायचं. तिथे वर्षानुवर्षं मी बसले. कॉमर्स भरलं, कॉम्प्युटर भरलं, की उरलेली मुलं आमच्याकडे यायची. बरोबर वडील असायचे. यादीतल्या आमच्या विषयावर बोट ठेवून ते म्हणायचे, "और ये पढ़ के होगा क्या?" प्रश्न रास्त होता. इंजिनिअरिंग केलं की इंजिनिअर होतो, नर्सिंग केलं की नर्स. आमच्या विषयाला अशी दारावर लावायची पाटी नाही. मी सांगायचे, की हा विषय तीनच गोष्टी विचारायला शिकवतो: कोण ठरवतं, कोणाच्या नावाने ठरवतं, आणि ज्याला ते मान्य नाही त्याने काय करायचं? हे तीन प्रश्न ज्याला नीट विचारता येतात तो उपाशी मरत नाही. वडील मान हलवायचे आणि मुलाला घेऊन पुढच्या टेबलाकडे जायचे.

पण खरंच कोणी उपाशी मेलं नाही. एक विद्यार्थी वकील झाला, एकजण वर्तमानपत्रात गेला. एकजण कारखान्यात कामगार आणि मालक यांच्यातल्या वाटाघाटी सांभाळतो. सांगतो की पहिल्या वर्षाच्या वह्या त्याने अजून जपून ठेवल्यात. एकजण एका पुढाऱ्याची भाषणं लिहितो, आणि त्या भाषणात घटनेचं कलम चुकलं की इकडे घरात बसून मला शरम वाटते. बऱ्याच मुली शाळेत शिकवतात. काहींनी दुकानं काढली. बाजार समितीच्या निवडणुकीत पडले की ते मला फोन करतात.

गिऱ्हाईकंही एकेक नमुनेदार. पंचेचाळिशीचे एक स्थानिक नेताजी बाहेरून एम.ए.ला बसले होते. तोंडी परीक्षेला आले ते दोन माणसं घेऊन. एकाच्या हातात त्यांचा मोबाईल, दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली. दोघांना बाहेर बसवलं आणि विचारलं, "लोकशाहीची व्याख्या सांगा." ते गोड हसून म्हणाले, "मैडम, परिभाषा आप लोग किताब में रखते हो. हमारे यहाँ तो बूथ होता है." बाहेरून आलेले परीक्षक रागावले. मी मात्र त्यांना चांगले गुण दिले. त्या दिवशी आलेल्यांत स्वतःच्या अनुभवातून बोललेले ते एकटेच होते.

आता आमच्या धंद्यातली खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. प्रत्येक राज्यशास्त्र विभागात एक भिंत असते. स्पर्धा परीक्षा पास होऊन जे अधिकारी झाले त्यांचे फोटो तिच्यावर लावतात. आमच्याकडे ती भिंत माझ्या खुर्चीसमोरच होती. नायब तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, एक पोलीस उपअधीक्षक. नवी निवड झाली की फोटोला हार, सगळ्यांना समोसे, आणि प्राचार्य स्वतः येऊन पाठ थोपटून जायचे. हुशार मूल वर्गात दिसलं की आम्ही मास्तर लोक त्याच्याकडे बघत नसू, भिंतीवर कुठे जागा आहे ते बघत असू. शाळामास्तर झालेल्या, वकील झालेल्या, दुकान काढलेल्या मुलांचा फोटो आम्ही कधी लावला नाही. तसा विचारही कोणाच्या डोक्यात आला नाही.

माझं कारण जरा खोलवरचं होतं. छप्पन साली राज्यं नव्याने आखली, नागपूरची राजधानी गेली आणि दफ्तरं भोपाळला हलली, तेव्हा त्या फायलींबरोबर माझे वडील इथे आले. मी तेव्हा वर्षाची होते. वडील सचिवालयात अधीक्षक होते, मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पोरसवदा अधिकारी खोलीत आला की पन्नाशीचे माझे वडील ताडकन उभे राहायचे. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा ते मी पाहिलं. त्यांची फार इच्छा होती की माझ्यासाठी कोणीतरी उभं राहावं. मी परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत पोचले, आणि पडले. मग कॉलेजात लागले. मी प्राध्यापक आहे हे सांगताना वडील "सध्या" हा शब्द कायम वापरायचे.

ममता ढोके माझ्या वर्गात आली ती माझं हे राहून गेलेलं भरून काढायला आली आहे, असं मला वाटलं. हे आता कळतं. तेव्हा वाटलं होतं की आपण तिचं भलं करतोय.

तिचे वडील विदर्भातल्या वरूडकडचे, इथल्या मोठ्या कारखान्यात फिटर. घर सोनागिरीत. मुलगी वर्गात मागे बसायची, हात वर करायची नाही. दुसऱ्या वर्षाला मी मुलांना एक काम देत असे: आपल्या वस्तीतली कोणतीही एक छोटी गोष्ट घ्या आणि ती नेमकी कोण ठरवतं ते शोधून वहीत लिहा. मुलं मोठमोठ्या गोष्टी घ्यायची. रस्ते, पाणी, भ्रष्टाचार. पुस्तकातून उतरवून आणायची. ममताने आपल्या कॉलनीच्या रहिवासी समितीची बैठक हा विषय घेतला होता. तिने लिहिलं होतं, की समितीत बायकांना यायला कोणाचीच मनाई नाही, तरी एकही बाई येत नाही. सगळे म्हणतात बायकांना आवड नाही. पण बैठक रविवारी सकाळी अकराला असते, आणि त्या वेळी प्रत्येक घरात कुकर लावलेला असतो. तिने अध्यक्षांच्या मागे लागून एकच बैठक दुपारी चारला ठेवून घेतली. सतरा बायका आल्या. आल्या त्या बोलल्याही, आणि लहान मुलांच्या झोपाळ्याचा विषय, जो तीन वर्षं पडून होता, अर्ध्या तासात निकाली निघाला.

मी "सहभाग" या प्रकरणावर वीसेक वर्षं व्याख्यानं दिली होती. घड्याळाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. ती वही मी वर्गात वाचून दाखवली आणि संध्याकाळी घरी जाताना मनात एकच विचार होता: ही मुलगी उपजिल्हाधिकारी होणार.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती एक कागद घेऊन आली. दिल्लीची एक संस्था गावोगाव फिरून लोक मत कसं देतात, का देतात याचा अभ्यास करायची. त्यांना मुलं हवी होती. वर्षभराचं प्रशिक्षण, मग काम. अर्जाला विभागातल्या कोणाची तरी शिफारस लागत होती.

"मॅडम, तुम्ही लिहून द्याल न? मला हे लई आवडेल. लोकांच्या घरी जाऊन बसायचं, विचारायचं."

मी कागद वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला. म्हटलं, "सर्व्हेचं काम कोणीही करेल. प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडायला तू तीन वर्षं शिकलीस का? परीक्षेला बस. पहिल्या दोन वर्षांत तुझं होऊन जाईल."

तिने कागद परत माझ्यापुढे ठेवला. "पण मॅडम, चिठ्ठी तर द्या. मग बघू."

"चिठ्ठी दिली तर तू जाशील," मी म्हटलं. आणि दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ढोकेजी स्वतः आले. ड्युटीवरून थेट आले होते, हाताला ग्रीस. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. म्हणाले, "मॅडमजी, घरचे म्हणतात लग्न करून टाका. मी म्हटलं, मॅडमला विचारून येतो. हिच्यात आहे का तेवढं?"

मी त्यांना भिंत दाखवली. एकेक फोटो दाखवून कोण कुठे आहे ते सांगितलं. "आहे तिच्यात," म्हटलं. "थोडी वर्षं द्या तिला." ढोकेजींनी त्या फोटोंना नमस्कार केला. मला नाही, फोटोंना. हे सगळं चालू असताना ममता दारात उभी होती आणि आमच्यापैकी कोणी तिला काही विचारलं नाही.

सहा वर्षं गेली. पूर्वपरीक्षा दोनदा पास झाली, मुख्य परीक्षेत पडली. मुलाखतीपर्यंत कधी गेली नाही. सुरुवातीला नोट्स मागायला यायची, तेव्हा दारातूनच मैत्रिणींची चौकशी करायची, हसायची. मग यायची ती फक्त जुन्या प्रश्नपत्रिका न्यायला. मग यायची थांबली. ज्यांनी ही परीक्षा घरात पाहिलेली नाही त्यांना सांगते, या वर्षांत माणूस काही करत नसतो असं दिसतं, पण त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. लग्नकार्याला जात नाही, कारण "काय चाललंय?" हा प्रश्न तिथे अंगावर येतो. मला हे माहीत होतं, मी त्यातून गेले होते. तरी मी तिची चौकशी केली नाही. खरं सांगायचं तर टाळली. भिंतीवर दुसऱ्या दोघांचे फोटो लागले, समोसे वाटले गेले. मग मी निवृत्त झाले.

गेल्या वर्षी भोपाळजवळच्या एका गावात महिला सरपंच आणि पंचांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने मला उद्घाटनाला बोलावलं. आमच्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. निवडून बाई येते, पण कारभार पुष्कळदा नवराच करतो. लोक त्याला बिनदिक्कत सरपंचपती म्हणतात, आणि तोही ते पदवीसारखं मिरवतो. असे आठदहा पती बाहेर झाडाखाली मोटारसायकली लावून बसलेच होते. मी आत जाऊन बसले, आणि माईक तपासणारी बाई वळली तर ती ममता. चाळिशीकडे झुकलेली, केसांत एक पांढरी बट, गळ्यात ओळखपत्र. शिबिर तीच घेत होती.

"नमस्ते मॅडम," म्हणाली, आणि माझ्यासाठी पंखा जवळ आणला.

मी पन्नास मिनिटं बोलले. घटनादुरुस्ती, विकेंद्रीकरण, सगळं. बायका शहाण्यासारख्या ऐकत होत्या. मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून छान झोपल्या होत्या. टाळ्या झाल्या. मग ममता उठली आणि एकेक कोरा कागद वाटला. "हजेरी लिखनी है, नीचे दस्तखत कर दो," म्हणाली. सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठा दिला. कागद माझ्यापर्यंत आला, मीही केली.

ममताने कागद गोळा केले. त्यातला एक घेऊन सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. खाली सही असलेल्या सरपंचबाईंनी म्हणे लिहून दिलं होतं, की गावातल्या तलावाचा ठेका माझ्या दिराला द्यावा, माझी काही हरकत नाही. ती बाई उभी राहून म्हणाली, "मैंने कब लिखा?"

"दस्तखत तो आपके ही हैं, बाई."

मग तिने दुसरा वाचला, तिसरा वाचला. चौथा माझा निघाला. "और मैडम ने लिख के दिया है, कि इनको आज खाना नहीं चाहिए." जो हशा पिकला! झोपलेल्या दोघीही जाग्या झाल्या. मीही हसले. पुढचा दीड तास ममता त्या बायकांशी नुसत्या गप्पा मारल्यासारखं बोलत राहिली, आणि त्या एकेक करून सांगू लागल्या, की रजिस्टर घरी येतं, रात्रीच्या भाकरी चालू असतात, नवरा म्हणतो इथे इथे सही कर, आणि आम्ही करतो. एकीने तर बाहेर जाऊन नवऱ्याच्या पिशवीतलं रजिस्टर काढून आणलं आणि आपल्याजवळ ठेवलं. झाडाखाली थोडी बोलाचाली झाल्याचं ऐकू आलं, पण रजिस्टर आतच राहिलं. इतकी चांगली शिकवणारी मी माझ्या विभागात कोणी पाहिली नाही, मला धरून.

जेवणानंतर आम्ही दोघी व्हरांड्यात चहा घेत बसलो. परीक्षा सोडल्यावर एका संस्थेत आजारी माणसाच्या जागी तीन महिन्यांसाठी लागली, मग तिथेच राहिली, असं तिने सांगितलं. लग्न केलं नाही. आईजवळ सोनागिरीतच असते. किती दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं.

"ममता, मी तुला ती शिफारस द्यायला हवी होती. मी तुझं नुकसान केलं."

माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, नाही हो मॅडम, असं काय बोलता.

"हो मॅडम, केलं," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. "पण त्या चिठ्ठीचं तर मी केव्हाच सोडून दिलं. ते ट्रेनिंग दुसऱ्या साली पण निघालं होतं. मी दुसऱ्या सरांकडून लिहून घेऊ शकत होती. नाही घेतलं. मला पण अफसर व्हायचंच होतं न, तुम्ही बोलल्या म्हणून जास्त. त्यात तुमची एकटीची गलती नाही. ती बिट्टन मार्केटची बात मात्र विसरत नाही."

"कोणती?"

"तुम्हाला बाबा भेटले होते. भाजी घेताना."

मला आठवेना. तिने कपातला चहा संपवला आणि सांगायला लागली.

"चौथा अटेम्प्ट पण गेला होता. मी ठरवलं होतं, आता बस. बाबांना सांगायची हिंमत करायला महिना लागला मला. त्या दिवशी संध्याकाळी सांगणार होती, आईला पण बोलून ठेवलं होतं. बाबा आले ते पेढे घेऊन. म्हणे, बिट्टन मार्केटला गेलो होतो, मॅडम भेटल्या. मी विचारलं, हिचं होऊन जाईल न? मॅडम बोलल्या, पक्कं होणार, पुढच्या वेळेस नक्की. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते."

"मग?"

"मग काय, मॅडम. पेढा खाल्ला. अजून दोन वर्षं दिली. दुसऱ्या साली बाबा गेले. त्यांना सांगणं राहूनच गेलं, की मला हे करायचं नाही म्हणून."

मी म्हटलं, "मी सहज बोलले असेन गं."

"हो न," ती म्हणाली. "सहजच बोलल्या असाल." आतून कोणीतरी तिला हाक मारली. माझा कप उचलून तिने आपल्या कपात ठेवला आणि ती उठून गेली.

परत येताना गाडीत हळूहळू आठवलं. आठवडी बाजाराची गर्दी. हातात पिशवी घेतलेले ढोकेजी गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले होते आणि काहीतरी विचारत होते. मी मेथीच्या जुड्या बघत होते. ममता चारदा पडली आहे हे मला ठाऊक होतं, आणि आता तिचं होणं कठीण आहे हेही. पण ते सांगायला थांबावं लागलं असतं, त्यांच्याकडे नीट बघावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, हो हो, पक्कं.

वर्गात सत्तेची मी एक सोपी व्याख्या सांगायचे. एखाद्याला जे स्वतःहून करायचं नाही ते त्याच्याकडून करून घेता येणं, म्हणजे सत्ता. मुलं उदाहरणं म्हणून मंत्री लिहायची, कलेक्टर लिहायची, ठाणेदार लिहायची, आणि मी ती बरोबर धरायचे. त्या दिवशी बाजारात, मान वर न करता, मी एका मुलीची दोन वर्षं घेतली, आणि घरी येऊन मेथीची भाजी केली.